भुलाबाईची खिरापत आणि आमची पिंकी

मंडळी, आज सकाळी कपाट आवरताना मुलींचा भुलाबाईसमोरचा जुना फोटो सापडला आणि मी एकटीच हसत बसले.

नव्वदच्या दशकात आम्ही खानदेशातून सुरतेला, डिंडोलीत नुकतेच राहायला आलो होतो. ओळख कुणाशीच नव्हती. आश्विनात मी धीर करून गल्लीतल्या मुलींना भुलाबाईच्या गाण्यांना बोलावलं. गाणी झाली की बंद डबा हलवायचा आणि आतली खिरापत आवाजावरून ओळखायची.

माझ्या सात वर्षांच्या वैशालीने ऐटीत डबा हलवला.

"फुटाणे!" एक मुलगी म्हणाली.

"चणा छे!" शेजारची हेतल ओरडली.

सगळ्या हरल्या. वैशालीने झाकण उघडलं, तर आत माझ्या शिवणातली बटणं! मी भरलेले शंकरपाळे गायब.

"मम्मी, आता यांना काय देऊ?" वैशाली रडायलाच लागली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी धाकटी, चार वर्षांची पिंकी शांतपणे म्हणाली, "मला भूक लागली होती. आवाज यायला पाहिजे म्हणून बटणं टाकली."

हेतलची आई पोट धरून हसली. "रडीश नहीं, दीकरा," म्हणत घरी गेली आणि ताटभर घारी, ती सुरतेची तुपातली मिठाई, घेऊन आली. पहिला हात पिंकीनेच पुढे केला.

त्या संध्याकाळी सुरत मला पहिल्यांदा आपली वाटली. तुमच्या पोरांच्या कुठल्या उद्योगामुळे तुम्हाला असा शेजार मिळाला?