काहिलीतली जागा

चाळिशी ओलांडल्यावर माझं अंग सुटलं, त्याला जबाबदार भीमाकाठच्या तमाम बाळंतिणी. शिरूर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी मिशनच्या दवाखान्याची नर्स होते. बाळंतपण उरकलं की त्या घरची सासू माझ्यापुढे ताटली ठेवी. डिंकाचे लाडू, नाहीतर गूळ-तूप घातलेला हळीव. बाळंतीण अजून कण्हत असायची आणि तिचा खुराक मी खात असायचे. बाळंतपण त्यांचं आणि बाळसं धरलं मी.

"नको म्हणावं की सरळ," असं माझी बहीण म्हणे. पुण्यात बसून बोलायला तिचं काय जातं! आम्ही ख्रिस्ती. नोकरीच्या सुरुवातीला या घरांतून माझा चहाचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असे. तो कप तिथून चुलीपाशी यायला वर्षं लागली. त्याच चुलीवरचा लाडू मी कोणत्या तोंडाने परत करणार होते?

तेव्हा आमच्याकडे नदीला पूल नव्हता. अडलेल्या बाईला पलीकडे दौंडच्या डॉक्टरकडे न्यायचं तर पावसाळ्यात काहील हाच उपाय. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भलीमोठी कढई. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, म्हणून ती नदीत. पट्टीचे पोहणारे तिला ढकलत पैलतीरी नेत. त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळा गाव मामा म्हणे.

एका श्रावणात गुऱ्हाळवाल्यांची धाकटी सून अडली. पहिलटकरीण, कळा थांबलेल्या. तिला काहिलीत निजवलं, धरायला सासू बसली, मग मी पाय आत टाकला. काहील माझ्या बाजूला अशी कलली की पाणी आत आलं.

"बाई, उतरा!" मामा ओरडला. "तुम्ही बसल्याव काहील पानी पिती."

"मग सासूबाईंना उतरवा."

"त्या उतरूनबी भागायचं न्हाई."

उतरले. ज्या काहिलीतल्या गुळाने मला वाढवलं, तिनेच मला काठावर उभं केलं. मध्यधारेत हेलकावे बसले तशा पोरीच्या कळा पुन्हा सुरू झाल्या. मी काठाकाठाने धावत ओरडत होते, "डोकं धरा! ओढू नका!" तिकडून मामा विचारत होता, "कुनाचं डोकं?" शेवटी बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मी मटकन चिखलात बसले.

मुलगी झाली, मायलेकी सुखरूप. गाव कितीतरी दिवस हसत होतं. मीही हसायचे, पण घरी आले की एकच विचार छळायचा. पुढची बाई इतकी नशीबवान निघाली नाही तर? मी बारीक व्हायचं ठरवलं.

एक वेळचं जेवण सोडलं, तर एका बाळंतपणात मलाच घेरी आली. घरच्यांनी मला बाळंतिणीशेजारी आडवं करून हळीव पाजला. गोड बंद केलंय असं मी म्हणाले, तर तुपाची वाटी पुढे आली. डॉक्टरांनी सांगितलंय असं मी म्हणाले, तर बाईला मोठं दुखणं हाय असा बोभाटा झाला आणि त्या दुखण्यावर म्हणून लाडवांचे डबे घरी येऊ लागले.

मग एकदा एका घरात पाहिलं. माझ्या ताटलीत लाडवांची रास आणि आत सुनेच्या वाटीत अर्धुक. माझं डोकंच फिरलं. ताटली उचलली, आत गेले आणि तिच्या बाजेवर बसले. सासू मागोमाग आली.

"आमच्यात असं आहे," मी ठोकून दिलं, "आधी बाळंतिणीने पोटभर खायचं. मग उरलेलं तिच्या हातून नर्सने घ्यायचं."

आमच्यात असं आहे, म्हटलं की गावात वाद संपतो. दुसऱ्याच्या रीतीत कुणी बोट घालत नाही. ती पोर अशी खात सुटली की मला जेमतेम एक तुकडा उरला. तो गोड लागला.

ही रीत घरोघर पसरली. बाळंतिणी धडधाकट दिसू लागल्या आणि माझी पोलकी आत घ्यावी लागली. हे सगळं हळूहळू झालं. मला उपाशी राहावं लागलं नाही आणि कुणाचं मनही मोडलं नाही.

दोनेक वर्षांनी, भादव्यात, तीच गुऱ्हाळवाल्यांची सून पुन्हा अडली. या वेळी मूल आडवं होतं. नदीत आपोआप सुटका होण्यातली ही गोष्ट नव्हती, आणि वाटेत तिच्याजवळ मी हवीच होते. तिला काहिलीत निजवलं. मी पाय आत टाकला तेव्हा मामाने काठ घट्ट धरला होता आणि त्याची नजर पाण्यावर होती. काहील दबली, डुलली आणि स्थिरावली.

"बसा बाई," तो म्हणाला. "आता सासूबी बसंल."

"मी कशाला? बाई हायती की," सासू म्हणाली आणि तिने माझ्या मांडीवर एक डबा ठेवला. "तुमच्यात आधी खात न्हाईत, ठावं हाय मला. तिची सुटका झाली की दोघी मिळून खावा."

बऱ्याच दिवसांनी दौंडहून परत येताना त्याच काहिलीत आम्ही तिघं होतो, ती, तिचं बाळ आणि मी. डबा रिकामा होता. त्यातला मी एकच लाडू खाल्ला होता, तोही तिने भरवला म्हणून.