पोटातल्या दोन गाठी

त्या दिवाळीत माझ्या पोटात, बेंबीच्या दोन्ही बाजूंना, एकेक गाठ होती आणि त्या दोघींचा मला फार अभिमान होता. अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, दाण्याएवढ्या, कातडीखाली दडलेल्या. दिसायच्या नाहीत, पण बोटाला लागायच्या. बसमध्ये कंटाळा आला की मी शर्टावरून हळूच चाचपायचो. आहात ना गं? असायच्या.

गाठी म्हणजे औषध होतं. एचआयव्ही होऊ नये म्हणून टोचायचं, आणि एकदा टोचलं की सहा महिने तिथेच बसून थोडं थोडं रक्तात उतरणारं. बेंगळुरातल्या एका दवाखान्यात त्याची चाचणी चालू होती आणि त्यांना पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष हवे होते. मी म्हटलं, वा! पन्नाशी उलटली, पण या गुणावर कुणी आपल्याला बोलावणं धाडलंय असं पहिल्यांदाच घडतंय. माझा धंदा नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचा. राजे, राण्या, राक्षस, आणि हल्ली शाळांसाठी भाज्या. त्या दिवशी दुकान बंद करून, चांगला जरीचा शर्ट घालून मी गेलो.

तिथली समुपदेशक मुलगी मान खाली घालून विचारायची, "सर, इतक्यात जोडीदार किती?" मी छताकडे बघत बोटं मोजू लागायचो. दोन्ही हात संपले की चपला काढायला वाकायचो.

"सर, खरं सांगा ना," ती हसू दाबत म्हणायची.

खरं म्हणजे एकच बोट पुरलं असतं. तेही मारतहळ्ळीला राहणारं, बायकामुलांतलं, फोन न उचलणारं.

कुणाला रोजची गोळी आणि कुणाला इंजेक्शन, हे संगणक ठरवायचा. मला इंजेक्शन लागलं तेव्हा मी नर्सबाईंना वाकून नमस्कार केला, कारण घरी अक्का होती. माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून आम्ही दोघंच. माझा एकही खण असा नाही की जो ती उघडत नाही. गोळ्यांची बाटली तिने दुसऱ्याच दिवशी शोधली असती. आता औषध माझ्या पोटात लपलं होतं. इथे कशी शोधशील, अक्का?

दिवाळी मी साफ विसरलो होतो.

आमच्या घरात नरकचतुर्दशीला थोरली बहीण भावाला डोक्यापासून पायापर्यंत तेल लावते. भावाचे केस पिकले तरी लावते. पाटावर पंचा नेसून बसायचं आणि मुकाट चोळून घ्यायचं. वर्षभरात मला कुणाचा असा निवांत हात लागतो तो तेवढाच, म्हणून मी मुद्दाम कण्हायचो, ओरडायचो, "मेलो गं!" म्हणायचो, म्हणजे ती आणखी जोरात चोळायची. त्याही पहाटे तसंच चाललं होतं. डोकं झालं, पाठ झाली, एक पाय झाला. मग ती पोटावर आली आणि थांबली.

"हे काय रे?"

"चरबी."

"चरबी मला कळते. तुझ्याकडे भरपूर आहे. हे काय?"

"साखरेचं इंजेक्शन घेतो, त्याचं."

"काल चार लाडू खाल्लेस की!"

मी हसलो. ती हसली नाही. तिची बोटं गाठीवरून हलली नाहीत. भावजींच्या पोटातली गाठ तिला अशीच सापडली होती, असंच तेल लावताना. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

"अक्का, काही नाही गं ते."

"तेही हेच म्हणाले होते." तिने तेलकट हातानेच डोळे पुसले. "आता तुलाही मीच पोचवायचं का?"

कुठलंही सोंग काढता आलं असतं. पण त्या हाताखाली बसून मला एकही जमेना.

"औषध आहे. एड्स होऊ नये म्हणून."

"होऊ नये म्हणून औषध? औषध आजारी माणूस घेतो."

"मला काहीच झालेलं नाही."

"मग तुलाच का टोचलं? खालच्या किराणावाल्याला का नाही? देवळातल्या पुजाऱ्याला का नाही?"

"पुजाऱ्याचं काही सांगता येत नाही."

"अय्यो, सरळ बोल!"

मी सरळ बोललो. "मला बायको कधीच नको होती, अक्का. मला पुरुष आवडतात." घरच्या मराठीत हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते फारच छोटं निघालं.

अक्का उठली. "पाणी निवतंय," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. माझा एक पाय तेलाचा, एक कोरडा. तसाच न्हायलो.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी ती दारात चपला घालून उभी. "मी येणार!" ती म्हणाली. माझी हरकत नाही म्हटल्यावर नर्सबाईंनी तिला आत बसवलं. अक्काने कानडीत उलटतपासणी घेतली.

"याला झालंय का?"

"नाही, अम्मा. दर वेळी रक्त तपासतो. तुमचा भाऊ ठणठणीत आहे."

"मग मरणार नाही?"

"यानं तरी नाही, अम्मा."

"सरी, ठीक," अक्का म्हणाली, आणि तिथेच हमसून रडली. बाहेर आल्यावर तिने कॉफी मागवली, मला स्वल्प गोड पाहिजे म्हणून वर साखर टाकायला लावली आणि माझ्या पेल्यात उरलेली स्वतः पिऊन टाकली. मी मनात तुताऱ्या फुंकल्या. रोगाची भीती गेली होती! जिंकलो, मला वाटलं.

त्यानंतर घरात सगळं पूर्वीसारखं. जेवण गरम, टोमणे ताजे. माझे खण ती अजूनही उघडायची. हात मात्र तेवढा लागेना. ताप आला तर कपाळाला हात लावण्याऐवजी थर्मामीटर पुढे करायची. ताट द्यायचं तर ओट्यावर ठेवून सरकायची. हे रोगामुळे नाही, हे मला कळत होतं. रोगाबद्दल तिने नर्सबाईंना विचारून घेतलं होतं. त्या छोट्या वाक्याबद्दल तिने कुणाला विचारलं असतं?

पुढची दिवाळी आली. पहाटे उठलो, पंचा नेसला आणि पाटावर जाऊन बसलो. गाठी नव्या होत्या, मी जुनाच. बराच वेळ कुणी आलं नाही. मग पाहिलं तर न्हाणीघराच्या खिडकीत तेलाची वाटी ठेवलेली. कोमट केलेली होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

"अक्का, पाठीला हात पोचत नाही गं!" मी ओरडलो.

स्वयंपाकघरात चकली तेलात सोडल्याचा चर्र आवाज झाला.

"भिंतीला घास," ती आतून म्हणाली.

"सरी, अक्का!" मी म्हटलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, आणि भिंतीकडे पाठ केली.