धक्क्यानंतरची खिचडी

"आलायसा न्हवं बाहेर, मग जेवूनच जावा!" धक्का थांबून भांड्यांची किणकिण विरते न विरते तोच वसाहतीतल्या मामींचा आवाज यायचा. पदर कमरेला खोचलेला, हातात मोठा डाव.

तुम्ही कोयनानगरला राहिला नसाल म्हणून सांगते. इथं जमीन अधूनमधून हलते. मग आम्ही गॅस बंद करतो आणि शेगडीवर असेल ते उचलून वसाहतीच्या पटांगणात येतो. अर्धकच्चा भात, नुसतीच शिजलेली डाळ, चिरलेली वांगी. मामी तीन दगड मांडायच्या आणि सगळं एकाच पातेल्यात ओतायच्या. एकदा घाबरून मी डाळीऐवजी चहाचं पातेलं आणलं. मामींनी न बघता तेही ओतलं! "लय झ्याक रंग आलाय गं," म्हणाल्या. आम्ही मुकाट्यानं खाल्लं. देवाशपथ, वाईट लागत नव्हतं.

खरं तर या जेवणानंच आम्हाला शेजारी केलं. एरवी बदलीवर आलेली माणसं, कोण कुणाला विचारतो? धुकं खाली उतरलेलं असायचं, खिचडीची वाफ त्यात मिसळायची आणि समोर बसलेल्या माणसाचा नुसता हात दिसायचा, लोणचं पुढे करणारा. आपण जमिनीवर बसलोय की ढगात, कळायचं नाही. भीती कुठल्या कुठे पळायची.

कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा मात्र येईनासे झाले. बायको गेल्यापासून कितीही हादरलं तरी ते खाटेवरच. भिंतीला ही एवढी भेग! "पडलं छप्पर तर पडू दे," म्हणायचे. मामींच्या जिवाला घोर लागला. हाका मारून झाल्या, ताट पाठवून झालं. ताट झाकलेलंच परत यायचं.

मग एका संध्याकाळी धक्का बसला, खिचडी झाली, आणि मामींनी फडक्यानं पातेलं उचललं. "चला गं," एवढंच म्हणाल्या आणि थेट अण्णांच्या खोलीत शिरल्या. आम्हीही मागोमाग, पोरंटोरं कडेवर घेऊन. बाई, वेडच लागलं होतं आम्हाला! त्या भेगेखालीच पंगत मांडली.

अण्णा ताडकन उठले. "आवं मामी, शुद्धीवर हायसा का? परत धक्का आला तर? पोरं हायत!"

"तुमी बाहेर येईना, मग आमीच आत आलो," मामी वाढता वाढता म्हणाल्या. "एकट्यानंच का मरायचं? बसा."

अण्णांनी एकदा भेगेकडे पाहिलं, एकदा पोरांकडे. मग त्यांनी माझ्या धाकटीला उचललं आणि ओरडतच निघाले, "चला, चला, बाहेर व्हा सगळी!" त्या दिवशी पटांगणात त्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. मामी जेवल्याच नाहीत, नुसत्या त्यांच्या ताटाकडे बघत बसल्या.

मामी आता नाहीत. सांगलीला मुलाकडे गेल्या होत्या, तिथंच गेल्या. इथली त्यांची खोली बंद आहे.

परवा पुन्हा जमीन हलली. आम्ही भांडी घेऊन पटांगणात जमलो, तर अण्णा दिसेनात. मी शोधत गेले, तर धुक्यात मामींच्या दारापुढे उभे. कुलूप दिसत होतं त्यांना, तरी दारावर हलकेच थाप मारत म्हणत होते, "आवं मामी, या की बाहेर. सगळी आल्यात."