जुन्या शाळेतली शोभना

शोभना नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. २००३ साली केदारशी लग्न होऊन ती अमेरिकेच्या दक्षिणेत, मॉरिसव्हिलला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्या व्हिसावर राहता येत होतं, नोकरी करता येत नव्हती. केदार सकाळी गाडी घेऊन गेला की पायी कुठं जावं असं काही नव्हतंच. समोरच्या रस्त्याला फुटपाथसुद्धा नव्हता.

शेजारच्या मृणालिनीकाकूंनी एकदा तिला एका लाकडी शाळेत नेलं. यादवी युद्ध संपलं, गुलामी उठली, तेव्हा सुटलेल्या माणसांनी स्वतः बांधलेली एका खोलीची शाळा. आता तिथं छोटं म्युझियम होतं. ते चालवणाऱ्या मिस अर्नेस्टाइन ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे आजोबा गुलाम म्हणून जन्मले आणि याच खोलीत अक्षरं शिकले.

शोभना तिथं बिनपगारी मदत करू लागली. काकू दर गुरुवारी सोडायच्या.

"सुटले, तर इथून निघून का नाही गेले?" तिनं एकदा विचारलं.

"कुठं जाणार?" मिस अर्नेस्टाइन म्हणाल्या. "आमचा माणूस बिनकामाचा दिसला की पकडायचे, कुणाच्या तरी शेतावर राबायला धाडायचे. तसे कायदेच केले होते. मग उत्तरेची फौज आली तेव्हा आमच्या माणसांनी मतं दिली, निवडूनही आली. पण दुभंगलेला देश सांधायचा म्हणून उत्तरेच्या गोऱ्यांनी दक्षिणेच्या गोऱ्यांशी जुळवून घेतलं. फौज गेली. आम्ही होतो तिथंच राहिलो."

शोभना बोलून गेली, "मलाही इथं तसंच वाटतं."

म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू विमानाचं तिकीट काढून आलीस, बाळ."

शोभनाचे कान तापले. पुढच्या गुरुवारी तिचा पायच निघेना. तरी गेली. मिस अर्नेस्टाइननी तिच्यापुढं रताळ्याच्या गोड पेस्ट्रीचा तुकडा ठेवला. "बोलले ते मागं घेणार नाही. पण तुझंही दार बंद आहे, ते दिसतं मला."

२००६ मध्ये म्युझियमला पगारी माणूस ठेवता येणार होता. मिस अर्नेस्टाइननी आधी तिलाच विचारलं.

"ग्रीन कार्डशिवाय कसं जमणार, यार?" केदार म्हणाला. "आणि त्याचा अर्ज कंपनीनं केलाय, मी कंपनी बदलली तर सगळं परत पहिल्यापासून. थोडं थांब."

"थांबलेच आहे की."

"मग परत जायचं का?"

नागपूरची तिची जागा केव्हाच भरली होती. केदारचाही चेहरा पडला होता.

म्युझियमच्या जागेवर ग्वेन नावाची मुलगी आली. शोभनानंच तिला सगळं शिकवलं. ग्वेन मन लावून शिकली, छान बोलायची. शोभनाला तेच जास्त लागलं.

२००८ उजाडलं तरी ग्रीन कार्डासाठी केदारचा नंबर लागला नव्हता. एका गुरुवारी शाळेची मुलं आली. शोभनानं त्यांना मिस अर्नेस्टाइनच्या आजोबांची, फौजेची, मतांची गोष्ट सांगितली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"डू यू वर्क हिअर?"

"नो," शोभना म्हणाली आणि मागं उभ्या राहिलेल्यांना पुढं सरकून बसायला सांगितलं.