टरफलांची पुडी

टोकियोत निशी-कसाई स्टेशनबाहेर थंडीत भाजलेल्या चेस्टनटची गाडी लागते, आणि त्या गोडसर, करपट वासाने मी दरवर्षी झुरिकच्या तळ्याकाठी जाऊन पोचते. काही वर्षांपूर्वी लंडनला नणंदेकडे राहून आम्ही दोघं, नवरा आणि मी, टोकियोला परतत होतो. झुरिकला विमान बदलायचं होतं आणि मध्ये अर्धा दिवस होता, म्हणून विमानतळावर बसण्यापेक्षा शहरात पायी हिंडलो. ओले दगडी रस्ते, ट्रामची घरघर, धुक्यात अर्धं बुडालेलं राखाडी तळं. नवऱ्याने गरम चेस्टनट घेतले. पुडीला दोन कप्पे होते, एक टरफलांसाठी. बाकावर बसून सोलता सोलता तो म्हणाला, "परत गेल्यावर मी माझ्यापुरतं वेगळं घर बघतोय." इतक्या शांतपणे म्हणाला की मला भांडताही येईना. मी सोलत राहिले आणि तो माझ्या टरफलांसाठी पुडी पुढे करत राहिला. उठताना मी म्हटलं, "कचराकुंडी आहे की समोर." "असू दे, घरी टाकू," म्हणत त्याने पुडी कोटाच्या खिशात ठेवली. कचरा बरोबर घेऊन घरी जायचं, ही जपानने लावलेली सवय. पण त्या 'घरी'वर मी अख्खा विमानप्रवास काढला. घरी पोचल्यावर त्याने टरफलं जळाऊ कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाकली, पुडीची घडी करून रद्दीत ठेवली आणि कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. चेस्टनट मी अजूनही घेते. इथे रस्त्यावर कचराकुंडी नसते, त्यामुळे टरफलं घरीच आणावी लागतात.