आईंचा होकार

"मॅम, मंडे तक हाँ या ना बता दीजिए. उसके बाद वो किसी और को दे देंगे," फोनवर तरुणजी म्हणाले.

मी नर्सरीच्या वर्गात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते. मुलं घरी गेली होती. तरुणजी दिल्लीचे एजंट, बाहेरच्या देशांतल्या इंटरनॅशनल शाळांना शिक्षक मिळवून देणं हे त्यांचं काम. त्यांना मोबदला शाळा देते, त्यामुळे घाई त्यांना जास्त असते. मी "बताती हूँ" म्हणाले. मला फोनवर लांब बोलता येत नाही.

मी अर्ली इयर्सची टीचर आहे. म्हणजे तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शिकवते. जबलपूरच्याच एका इंग्लिश मीडियम शाळेत शिकले, नोकरीही इथेच लागली. आखातातल्या एका मोठ्या शाळेची ऑफर माझ्या हातात होती. दुसरी शाळा व्हिएतनाममधली, समुद्रकाठच्या गावातली, खूप लहान. तिचे इंटरव्ह्यू अजून चालू होते. घरात सगळ्यांचं मत आखाताच्या बाजूनं होतं. पगार चांगला, राहायला सातव्या मजल्यावर फ्लॅट, विमानानं थोडाच वेळ.

अडचण एकच होती, ती म्हणजे मिही. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

अशा शाळा शिक्षकांच्या मुलांना मोफत प्रवेश देतात. हे वाचून लोक खूश होतात आणि पुढची ओळ वाचत नाहीत. प्रवेश बहुतेक ठिकाणी वयाच्या तिसऱ्या वर्षापासून असतो. माझा मुलगा अद्वैत पाच वर्षांचा, त्याची सोय होती. मिहीची नव्हती. माझा नवरा निखिल नेपियर टाउनच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याची एन्ट्रन्सची बॅच जानेवारीत संपणार होती, मुलांना मध्येच सोडून येणं त्याला पटत नव्हतं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत मी तिथे दोन मुलांसोबत एकटी राहणार होते.

इंटरव्ह्यूमध्ये आखातातल्या मॅडमनी विचारलं होतं की धाकटीला कोण सांभाळणार. मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "माय मदर-इन-लॉ." हे उत्तर आधीच ठरलेलं होतं. निखिलनं जेवताना विषय काढला होता, "आई, तू चलशील ना?" आणि आई पोळी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "मी आहे ना." तेवढ्यावर विषय संपला. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात, ताटावर, सगळ्यांसमोर. आईंसाठी वेगळा व्हिसा लागणार होता, तो काढता येईल असं तरुणजींनी सांगितलं होतं.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. लहान मुलांच्या वर्गात आम्ही ऑब्झर्व्हेशन लिहितो. नियम सोपा आहे. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नंतर. "मुलगी उदास आहे" असं लिहायचं नाही. "डबा उघडला, खाल्लं नाही, झाकण तीनदा लावलं" असं लिहायचं. या वयाची मुलं दर वेळी नको म्हणत नाहीत. बूट घालायला वेळ लावतात.

आईंबद्दल मी काही लिहीत नव्हते, पण सवय जात नाही. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता. स्टुडिओ आमच्या मदन महलच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. एकदा केस धुवायचे राहिले होते, एकदा ऊन फार होतं, एकदा पाहुणे येणार होते. ते आलेच नाहीत. मिहीला घेऊन त्या हल्ली जिना चढत नव्हत्या, तिला खालीच खेळवत बसायच्या. मी घरी आले की मिहीला वर न्यायचं काम माझ्याकडे यायचं.

मग गहू आले.

बरगीकडचे एक शेतकरी दरवर्षी आम्हाला गहू देतात. आईंनी या वर्षीही पूर्ण वर्षाचे भरले. पोती बघून निखिल म्हणाला, "आई, इतके गहू कोण खाईल? मी एकटा राहून राहिलो जानेवारीपर्यंत." आई म्हणाल्या, "घर आहे. येणारे-जाणारे असतात." निखिल हसला आणि क्लासला निघून गेला. मी मात्र त्या पोत्यांकडे बघत राहिले. ऑगस्टमध्ये देश सोडणारं माणूस एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरत नाही.

रविवारी सकाळी आई गच्चीवर गहू निवडत होत्या. मी एक थाळी घेऊन शेजारी बसले. मला मराठी सगळं कळतं, पण अवघड बोलायचं असलं की वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं आणि मग ते मराठीत आणायला वेळ लागतो. त्यामुळे बरेचसे गहू निवडून झाल्यावर मी विचारलं.

"आई, तुम्हाला यायचं आहे का?"

"काहून? निखिल काही बोलला का?"

"नाही. मीच विचारून राहिले."

त्यांनी थाळी हलवली. खडे एका बाजूला आले. "माझ्यामुळे तुझं काम अडेल, केतकी."

"अडलं तर बघू. यायचं आहे का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. वर्गात मी मुलांना अशा वेळी दुसरा प्रश्न विचारत नाही. इथेही विचारला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

एकदा तो शब्द निघाल्यावर बाकीचं सहज आलं. तिकडे सातव्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसायचं, खाली उतरलं तरी बोलायला कोणी नाही. इथे भाजीवाला भैयासुद्धा दोन गोष्टी विचारून जातो. हे सगळं मला अंदाजानं ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. मार्चमध्ये मिहीला कडेवर घेऊन जिना उतरताना त्यांचा गुडघा अचानक वाकला. त्या पायरीवर बसल्या, मिहीला काही झालं नाही. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

"इथे हाक मारली तर शेजारच्या शर्माजींची बहू धावत येते," त्या म्हणाल्या. "तिथे मी कोणाला हाक मारू? हे निखिलले कसं सांगू? तो म्हणेल आई बहाणे करून राहिली."

माझे हात गव्हात तसेच राहिले. मी वर्गात बावीस मुलांना शिकवत असताना सातव्या मजल्यावर काय होऊ शकलं असतं, ते मला दिसलं. आणि त्याच वेळी फार मोकळंही वाटलं, कारण त्या ऑफरबद्दल माझ्या मनात जे खटकत होतं त्याला आता नाव मिळालं होतं.

सोमवारी मी तरुणजींना "नाही" असं कळवलं. त्यांचा लगेच फोन आला. अशा ऑफरसाठी लोक तरसतात, व्हिएतनामवाल्यांनी तर अजून हो पण म्हटलेलं नाही, वगैरे. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅम, सास की ही तो बात है. मना लीजिए ना."

"मना लूँगी तो आ जाएँगी," मी म्हणाले. "इसीलिए नहीं."

त्यांनी फोन ठेवला. मीही.

घरी निखिल चिडला, पण ऑफर गेली म्हणून नाही. "आईनं मला काहून नाही सांगितलं? मी विचारलं होतं तिला."

"सगळ्यांसमोर विचारलं होतंस," मी म्हणाले. तो उठून खाली आईंच्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलेली होती.

आता हातात काहीच नव्हतं. व्हिएतनामच्या शाळेचा शेवटचा इंटरव्ह्यू उरला होता, तिथल्या हेडसोबत, व्हिडिओवर. त्या शाळेत कॅम्पसवरच स्टाफच्या मुलांसाठी क्रेश आहे, म्हणजे पाळणाघर, असं वेबसाइटवर होतं. पण वेबसाइटवर सगळ्याच शाळांत झाडं हिरवी असतात.

इंटरव्ह्यूच्या शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचं आहे का. आजवर मी "नो, थँक यू" म्हणत आले होते. या वेळी म्हणाले की माझी मुलगी दीड वर्षाची आहे, नवरा जानेवारीत येईल, आणि तुमच्या क्रेशमध्ये जागा नसेल तर मी येऊ शकणार नाही. मग विचारलं की ज्यांचं मूल आत्ता तिथे आहे अशा टीचरशी मला बोलता येईल का. हेड म्हणाल्या की हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, सगळे फ्लॅटमध्ये एसी किती ते विचारतात.

दुसऱ्या दिवशी एका फिलिपिनो टीचरचा व्हिडिओ कॉल आला. ती मुलाला घ्यायला निघालीच होती, मलाही फोनमध्ये घेऊन गेली. तिच्या बोलण्याकडे माझं अर्धंच लक्ष होतं. खोली आवरलेली नव्हती. फरशीवर ठोकळे पसरले होते. एक मूल रडत होतं आणि त्याच्याजवळ एक बाई जमिनीवर बसली होती. ती त्याला गप्प बस असं म्हणत नव्हती. मोबाइलही बघत नव्हती. नुसती बसली होती, हात पुढे करून. थोड्या वेळानं ते मूल स्वतःहून तिच्या मांडीवर गेलं. कॅमेऱ्यासाठी कोणी हे ठरवून करू शकत नाही. मी या कामात आहे, मला माहीत आहे.

मग राहिला रेफरन्स. या शाळा तुमच्या सध्याच्या प्रिन्सिपलना थेट पत्र पाठवून तुमच्याबद्दल विचारतात, त्यामुळे नोकरी लागायच्या आधीच तुम्ही जाणार हे त्यांना कळतं. आमच्या मॅम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "अच्छा लिख दिया है. अब जाओ भी." त्याच आठवड्यात ऑफर आली, मिहीच्या जागेसह. मी मेल आधी आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून इंग्रजी मेल पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "चलो, झालं." मग कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी गाणं लावलं आणि मोठ्यानं लावलं.

हे लिहिते आहे ते जबलपूरमध्येच, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत. मिही सुरुवातीला रडली, मग रडायची थांबली, आता तिच्या शिक्षिकेचं माझ्यापेक्षा जास्त ऐकते. निखिल जानेवारीत आला. आई फेब्रुवारीत पाहुण्या म्हणून आल्या, पंधरा दिवस राहिल्या, समुद्रात पाय भिजवले आणि तिकीट होतं त्याच तारखेला खुशीत परत गेल्या.

हल्ली ओळखीच्या टीचर मला विचारतात की लहान मुलं असताना बाहेरची शाळा कशी निवडावी. पगार, घर, तिकीट हे सगळं शाळा मेलवर कळवते, ते नीट वाचलं की पुरतं. घरातली माणसं मेल पाठवत नाहीत. त्यांना एकेकट्याला गाठून विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावं लागतं. यातली दुसरी गोष्ट मला आधीपासूनच येत होती.