रिकाम्या खाटेवर दहा मिनिटं

अंगात गणवेश, खिशात पेन, बूट काढून खाटेखाली नीट जोडीनं ठेवलेले, अशा थाटात मी ड्युटीवर असताना भर दिवसा मेलेल्या माणसाच्या खाटेवर झोपतो. त्याबद्दल मला आजवर कुणी मेमो दिलेला नाही. भोकरला एका लग्नाच्या पंगतीत मी हे सांगितलं, तेव्हा शेजारचे दोघे पाहुणे ताटावरून उठले, आणि वाढप्यानं त्यांच्या वाटणीची बुंदी मला वाढली. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय पाहिजे? मात्र पंगतीत मी तिचा पहिला अर्धा भागच सांगतो.

मी नर्स आहे. पुरुष असल्यामुळे लोक ब्रदर म्हणतात. आता नांदेडला एका वॉर्डाचा इन्चार्ज आहे, पण ही झोपायची विद्या मी लातूरला शिकलो. तिथं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात आमच्या इन्चार्ज सिस्टर होत्या, त्यांना सगळे बाई म्हणायचे. उदगीरकडच्या, बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. रागावल्या की कानडीत बोलायच्या आणि माया आली तरी कानडीतच. त्यामुळे पुढं यावं की पळावं हे समोरच्याला कळायचं नाही.

वॉर्डात एखादा रुग्ण गेला, की आजूबाजूच्या सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. सफाईच्या मावशी गादी औषधानं पुसतात, नवी चादर घालतात. तरी खाली फरशीवर पथारी टाकून पडलेला माणूससुद्धा त्या खाटेवर जायला तयार होत नाही. नातेवाईक हटून बसतात. यावर बाईंचा उपाय असा, की त्या स्वतः खाटेवर चढायच्या आणि घड्याळ लावून दहा मिनिटं पडायच्या. शेजारच्या रुग्णाला सांगून ठेवायच्या, "काका, दहा मिनिटांनी हाक मारा. न्हाई उठले तर आजचा राउंड तुमीच घ्या." मग उठायच्या, तिथंच बसून चहा प्यायच्या, आणि खाट चालू व्हायची. एकदा राउंडला आलेल्या नव्या डॉक्टरांनी त्यांचा केस पेपर मागितला होता. बाईंनी पडल्या पडल्याच सांगितलं, "पेशंट बरा हाय, सुट्टी द्या."

या प्रकाराची नक्कल मी फार सुंदर करायचो. खुर्चीत मान मागं टाकायची, जीभ बाहेर, हात लोंबकळत, मग एकदम डोळे उघडून बाईंच्या आवाजात चहा मागायचा. नवीन सिस्टर आल्या की हा प्रयोग ठरलेला.

त्या दिवशी बाई रजेवर होत्या आणि सकाळच्या पाळीत वॉर्ड माझ्या हाती होता. सहा नंबरच्या खाटेवर जळकोटकडचे एक काका होते. हृदय पार थकलेलं. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट कल्पना दिली होती. काकांना सारखं हात वर करायची सवय होती. पंखा, पाणी, उशी, काहीच नसलं तर किती वाजले. मी गेलो की म्हणायचे, "आलास का? बस." मी बसायचो नाही.

साडेनऊच्या सुमाराला मी टेबलापाशी दोन नवीन सिस्टरांपुढं माझा प्रयोग करत होतो. चहा समोर होता. मान मागं टाकायच्या बेतात असताना मला काकांचा हात वर झालेला दिसला. मी त्यांना तळहात दाखवला. थांबा. आणि मान मागं टाकली. दोघी इतक्या हसल्या, की मी चहा मागायचा भाग दोनदा केला.

त्यानंतर मी गेलो तेव्हा त्यांचा हात खाली आला होता. डॉक्टर धावत आले, जे करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. डॉक्टर मला म्हणाले, आज ना उद्या हे होणारच होतं. काकांची बायको औषधं आणायला खाली गेली होती. ती पिशवी घेऊन वर आली, खाटेजवळ उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "शेवटाला काई म्हनले का हो, ब्रदर?"

"न्हाई, मावशी. झोपेतच गेले."

हे वाक्य मी कसलेल्या नटासारखं म्हणालो. तिनं मान हलवली. पिशवीतली औषधं परत देता येतील का, एवढंच तिनं विचारलं.

दुपारी एकपर्यंत सहा नंबरची खाट तयार झाली. दाराजवळ फरशीवर एक म्हातारेबुवा होते, दम्यानं जेरीस आलेले. त्यांना छोट्या सिलिंडरवर ठेवलं होतं आणि त्याचा काटा खाली चालला होता. दुसरा सिलिंडर कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. भिंतीतून ऑक्सिजन येणारी एकच जागा मोकळी होती, ती सहा नंबरच्या उशाशी. म्हातारेबुवांची बायको पथारीपुढं मांडी ठोकून बसली होती.

"तितं न्हाई. सकाळी मानूस गेला तितं, मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"आजी, सिलिंडर संपत आलाय."

"मंग दुसरी खाट दे. मालकाला त्या खाटंवर टाकनार न्हाई मी."

दुसरी खाट नव्हतीच. मी बाईंना फोन लावला. मागं भांड्यांचे आवाज येत होते.

"बाई, आजी ऐकून न्हाई राहिल्या. खाट सहा नंबरची हाय."

"मग झोप."

"मी?"

"वॉर्ड कुनाकडं हाय आज?" मी सहा नंबरकडं बघितलं. "दहा मिनिटं. आनि डोळे मिटायचे न्हाईत."

मी बूट काढले. सगळा वॉर्ड बघत होता. एरवी एवढे प्रेक्षक मिळाले असते तर मी वाकून नमस्कार केला असता. मी पाय वर घेतले आणि पाठ टेकली. चादर ताजी, कडक होती, पण तिच्याखालच्या गादीत एक खळगा होता, माझ्याहून बारीक माणसाचा. मी त्याच्यात नीट मावत नव्हतो. डोक्यावरचा पंखा फिरत होता. मी मान वळवली.

तिथून टेबल दिसत होतं. दोन सलाईनच्या स्टँडांच्या मधून, पडदा बाजूला सारल्यासारखं, फक्त टेबल आणि माझी खुर्ची. पाठीमागच्या खिडकीचा सगळा उजेड खुर्चीवर पडला होता. सकाळचा माझा कप अजून तिथंच होता. या उशीवरून बघणाऱ्याला माझं काय काय दिसलं असेल, ते मला एकेक करून दिसायला लागलं. मागं टाकलेली मान, बाहेर काढलेली जीभ, लोंबकळणारे हात. काका श्वासासाठी धडपडत होते आणि समोर उजेडात त्यांचा ब्रदर मेल्याचं सोंग करत होता, आणि लोक हसत होते.

माझा उजवा हात वर गेला. मी तो उचलल्याचं मला आठवत नाही. आजही मी शपथेवर तेवढंच सांगेन. टेबलापाशी सकाळच्या दोघींपैकी एक सिस्टर काहीतरी लिहीत होती. तिनं हात पाहिला, ब्रदर थट्टा करतायत असं तिला वाटलं असावं, आणि मान पुन्हा खाली घालत तिनं मला तळहात दाखवला.

थांबा.

मी थांबलो. किती वेळ ते ठाऊक नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णानं वेळ झाल्याचं सांगितलं तेव्हा मी उठून बसलो आणि पाहिलं तर आजी खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी होती.

"तोंड असं का झालं तुझं? काय दिसलं तितं?"

चहा मागवायचा, हसायचं, हा पुढचा भाग मला पाठ होता. म्हातारेबुवांचा घरघराट दारापासून ऐकू येत होता. खरं बोललो तर ही आजी नवऱ्याला इथं येऊ देणार नाही, हेही कळत होतं. पण त्या उशीशेजारी बसून दुसऱ्यांदा खोटं बोलणं मला जमलं नाही.

"आजी, खाटेत काई न्हाई. सकाळी त्या काकांनी मला हात केला होता. मी तिकडं बसून हसत होतो. मी आलो न्हाई."

 तिनं टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्याच्या बायकोला सांगितलंस?"

"न्हाई."

"हं." तिनं पदर खोचला. "आन मालकाला हितं. या खाटंवरून हात केला तर आता तू पळत येतूस."

आम्ही चौघांनी चादरीसकट उचलून म्हातारेबुवांना वर घेतलं. नळी भिंतीला जोडली. अर्ध्या तासात त्यांच्या ओठांचा रंग बदलला. दोनला पाळी संपली तेव्हा मी रिपोर्टमध्ये काकांचा हात वर झाल्याची वेळ लिहिली, आणि त्याखाली मी पोचल्याची वेळ. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचलं, सही केली.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"टेबल."

"मला पहिल्या खेपेला घड्याळ दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पाळी सुटायची वाट बघत होते मी." पुढं कानडीत काहीतरी बोलल्या. ते रागाचं की मायेचं, ते मी विचारलं नाही. जळकोटकडच्या त्या गावाला जाऊन यायचं मात्र त्यांनी मला मराठीत सांगितलं. मी अजून गेलेलो नाही.

म्हातारेबुवा मोठे खट्याळ निघाले. सुट्टी मिळेपर्यंत ते दिवसातून कितीदा तरी हात वर करायचे. मी हातातलं टाकून जायचो. "काय पाहिजे, बाबा?" तर म्हणायचे, "काई न्हाई. येतूस का बघून राहिलो." आजी तोंडाला पदर लावून हसायची. एका दुपारी ते गाढ झोपले होते, दोन्ही हात चादरीच्या आत, आजी पायाशी पेंगत होती. मी टेबलावर औषधांची यादी लिहीत होतो. सहा नंबरवरून मला हात दिसला. मी उठलो, गेलो, काका म्हणायचे तसा खाटेजवळ थोडा वेळ बसलो.